सॉफ्टवेअर एकाच जागी, वापर लॅबमधल्या प्रत्येक मशीनवर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विद्यापीठातल्या एखाद्या विभागात किंवा संशोधन संस्थेत दहा-वीस-तीस लिनक्स मशीन्स सांभाळणाऱ्यांसाठी हे पान आहे. बहुतेक ठिकाणी हे काम पूर्णवेळ कुणाकडे नसतं. ते एखाद्या तांत्रिक सहायकाकडे किंवा 'तुला लिनक्स येतं ना?' असं विचारून पकडलेल्या पीएचडीच्या विद्यार्थ्याकडे येतं. इथले प्रश्न मला अशाच लोकांनी विचारलेले आहेत. आज्ञा आणि पाथ उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिलेत, टर्मिनलवर ते रोमन लिपीतच टाइप करायचे.

प्रत्येक मशीनवर ॲप्टने (उबुंटूच्या पॅकेज इन्स्टॉलरने) इन्स्टॉल केलं तर काय बिघडतं?

काही गोष्टींचं काहीच बिघडत नाही, उलट त्या तशाच कराव्यात. एडिटर, लाटेक, ग्नूप्लॉट, गिट ही रोजची हत्यारं त्या त्या मशीनच्या डिस्कवरच असू द्या. नेटवर्क गेलं तरी माणसाला लॉगिन करून थीसिसचं प्रकरण लिहिता आलं पाहिजे.

अडचण येते ती ज्या सॉफ्टवेअरच्या आकड्यांवर पेपर उभा राहतो, त्याची. उबुंटूच्या रिपॉझिटरीत ग्रोमॅक्सचं (रेणूंच्या सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरचं) जे व्हर्जन असतं ते बहुतेक वेळा गाइडला हवं असलेलं नसतं. त्यात रात्री आपोआप होणारं अपडेट एका मशीनवर झालेलं असतं आणि शेजारचं मशीन त्या रात्री बंद असतं. मग एकच इनपुट फाइल दोन टेबलांवर दोन वेगवेगळ्या व्हर्जनमधून जाते आणि विद्यार्थी आठवडाभर स्वतःच्या चुका शोधत बसतो. म्हणून माझा नियम असा, की आकडा काढणारं सॉफ्टवेअर सामायिक जागेत, म्हणजे एका सर्व्हरवरच्या आणि नेटवर्कवरून सगळ्या मशीन्सना दिसणाऱ्या डिरेक्टरीत ठेवायचं आणि बाकीचं मशीनवर.

सामायिक जागा कुठे करायची? /यूएसआर/लोकल मध्ये की /ऑप्ट मध्ये?

/ऑप्ट मध्ये. युनिक्सच्या जुन्या रिवाजाप्रमाणे /यूएसआर/लोकल सुद्धा मशीन्समध्ये वाटून घेता येतं, आणि सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीच्या मशीन्सच्या काळातल्या लॅबमध्ये लोक तसंच करत. पण आजच्या डेबियन-उबुंटूवर /यूएसआर/लोकल/बिन प्रोग्राम शोधण्याच्या पाथमध्ये आधी येतं, आणि रूट म्हणून पिपने बसवलेली पायथनची पॅकेजेसही तिथेच जाऊन पडतात. त्यावर नेटवर्कची डिरेक्टरी माउंट केली, म्हणजे तिथे जोडली, की मशीनचं स्वतःचं जे काही तिथे होतं ते झाकलं जातं.

आत रचना साधी ठेवा, नाव आणि त्याखाली व्हर्जन: /ऑप्ट/साय/ग्रोमॅक्स/२०२४.३, /ऑप्ट/साय/एफएफटीडब्ल्यू/३.३.१० (एफएफटीडब्ल्यू ही फूरिए ट्रान्सफॉर्मची लायब्ररी). व्हर्जनचा आकडा पाथमध्येच असला पाहिजे, कारण पुढचं जवळजवळ सगळं त्यावर अवलंबून आहे.

आणि एक गोष्ट सुरुवातीलाच ठरवा: हा पाथ सर्व्हरवर आणि सगळ्या क्लायंटवर अक्षरन् अक्षर सारखा असायला हवा. बिल्डची तयारी करणारं कॉन्फिगर किंवा सीमेक चालवताना दिलेला प्रिफिक्स, म्हणजे इन्स्टॉल करायची जागा, बऱ्याच सॉफ्टवेअरच्या बायनरीत, स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत, डेटा फायलींच्या पत्त्यात कायमचा कोरला जातो. सर्व्हरवर /डेटा१/सॉफ्ट मध्ये बिल्ड करून क्लायंटवर /ऑप्ट/साय म्हणून माउंट केलं, तर अर्धी सॉफ्टवेअर्स चालतात आणि उरलेली 'नो सच फाइल' म्हणतात.

माउंट कसं करायचं? एनएफएस जुनं झालं नाही का?

सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ साली एनएफएस, म्हणजे एका मशीनची डिरेक्टरी नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनवर माउंट करण्याचं साधन, आणलं. आज चाळीस वर्षांनंतरही एका लॅबच्या आकाराला त्याच्याइतकं सोपं आणि समजण्याजोगं दुसरं काही मला दिसत नाही. चौथ्या आवृत्तीला फायरवॉलमध्ये २०४९ हा एकच पोर्ट उघडावा लागतो, त्यामुळे नव्याने करणार असाल तर तीच घ्या.

सर्व्हरच्या एक्स्पोर्ट्स फाइलमध्ये ही डिरेक्टरी फक्त लॅबच्या सबनेटला, 'आरओ' म्हणजे फक्त वाचण्यासाठी द्या. 'रूट-स्क्वॉश' मुळातच चालू असतं, ते तसंच राहू द्या. त्यामुळे एखाद्या क्लायंटवरचा रूट सर्व्हरच्या लेखी 'नोबडी' ठरतो. लिहिण्याची परवानगी फक्त एका मशीनला, जिथे तुम्ही बिल्ड करता त्याला.

क्लायंटवर माउंटचा 'हार्ड' हा मूळ पर्याय बदलू नका. सर्व्हर क्षणभर गेला की 'हार्ड' माउंट वाट बघत थांबतं आणि सर्व्हर परत आला की काम तिथूनच पुढे सुरू होतं. 'सॉफ्ट' मात्र ठरावीक वेळानंतर प्रोग्रामला वाचनाची चूक परत देतं, आणि आठवडाभर चाललेला रन त्या एका चुकीवर मरतो.

लॅबमध्ये सगळ्यांचे लॉगिन वेगवेगळे आहेत. फरक पडतो का?

फक्त वाचण्याच्या डिरेक्टरीला फारसा नाही. पण होम डिरेक्टरी सामायिक करणार असाल तर प्रचंड पडतो. साध्या एनएफएसला नाव कळत नाही, खात्याचा यूआयडी हा आकडा कळतो. एका मशीनवर १००१ म्हणजे एक विद्यार्थी आणि शेजारच्यावर १००१ म्हणजे दुसराच, असं असेल तर पहिल्याच्या फायली दुसऱ्याला स्वतःच्या वाटतात, आणि तो त्या पुसूही शकतो. दहापेक्षा जास्त मशीन्स असतील तर एलडॅप, म्हणजे सगळ्या खात्यांची एकच मध्यवर्ती यादी, उभं कराच. त्याहून कमी असतील तर निदान एका वहीत यूआयडीची यादी ठेवा आणि नवं खातं उघडताना त्यातलाच आकडा हाताने द्या.

रूट म्हणून 'मेक इन्स्टॉल' करायला काय हरकत आहे?

बिल्ड करण्यासाठी वेगळं साधं खातं ठेवा आणि /ऑप्ट/साय ची मालकी त्यालाच द्या. वैज्ञानिक सॉफ्टवेअरची इन्स्टॉल स्क्रिप्ट कुणी तरी दहा वर्षांपूर्वी स्वतःच्या मशीनसाठी लिहिलेली असते. प्रिफिक्स दिला तरी ती एखादी फाइल गुपचूप /यूएसआर/लिब मध्ये टाकते. रूट असाल तर ते तुम्हाला कळतही नाही, आणि ती फाइल फक्त बिल्डच्या मशीनवर असल्यामुळे सॉफ्टवेअर तिथे चालतं, बाकी कुठेच चालत नाही. साध्या खात्यातून चालवलं तर 'परमिशन डिनाइड' येतं आणि चोर जागच्या जागी सापडतो.

नवं व्हर्जन आलं. जुन्यावरच इन्स्टॉल करू का?

नाही. या पानावरची एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा: एकदा बसवलेल्या आणि लोक वापरू लागलेल्या डिरेक्टरीला पुन्हा हात लावायचा नाही. नवं व्हर्जन शेजारी, नव्या डिरेक्टरीत. त्याच व्हर्जनमध्ये एखादा पर्याय द्यायचा राहिला असेल तर '३.३.१०-ब' अशी तिसरी डिरेक्टरी करा, पण जुनी तशीच ठेवा.

हे मी एका शुक्रवारी दुपारी शिकलो. एफएफटीडब्ल्यूमध्ये एक पर्याय द्यायचा राहिला होता. मी तो देऊन पुन्हा बिल्ड केलं आणि लायब्ररीची फाइल त्याच जागी कॉपी केली. काम दोन मिनिटांचं होतं. दहा मिनिटांनी एक विद्यार्थिनी दारात येऊन उभी राहिली. तिच्या स्क्रीनवर 'बस एरर' एवढेच दोन शब्द होते. फोरट्रानमधला तिचा स्वतःचा कोड होता, मधली स्थिती साठवायची सोय त्यात नव्हती, आणि तो अकरा दिवस चालला होता.

झालं ते असं: चालू प्रोग्राम आपली लायब्ररी एकदाच पूर्ण वाचून मेमरीत घेत नाही. तिची पानं लागतील तशी फाइलमधून उचलत राहतो. आपल्याच मशीनवर चालू असलेली बायनरी बदलू गेलं तर कर्नल 'टेक्स्ट फाइल बिझी' म्हणून अडवतं तरी, लायब्ररीला तेही संरक्षण नाही. आणि एनएफएसवर तर सर्व्हरला पत्ताच नसतो की शेजारच्या खोलीतल्या मशीनवर ही फाइल कुणी चालवतंय. तो निमूटपणे फाइल बदलतो. क्लायंट पुढचं पान मागायला जातो तेव्हा तिथे दुसरंच काही असतं.

डिस्कचं काय, असं विचारलं जातं. दहा वर्षांची सगळी व्हर्जन्स धरूनही आमची डिरेक्टरी एका मध्यम सिम्युलेशनच्या आउटपुटपेक्षा लहान आहे. आणि परीक्षक तीन वर्षांपूर्वीचा आलेख पुन्हा काढून मागतात तेव्हा ते जुनं व्हर्जन जागेवर सापडणं फार मोलाचं असतं.

मग इतक्या व्हर्जन्समधून हवं ते निवडायचं कसं?

एन्व्हायर्नमेंट मॉड्यूल्स वापरा. ही कल्पना १९९१ पासून चालत आली आहे आणि जगातल्या बहुतेक सगळ्या सुपरकॉम्प्युटरवर आज तीच वापरतात. टेक्सासच्या सुपरकॉम्प्युटिंग केंद्रात तयार झालेलं एलमॉड हे तिचं नवं रूप, त्यात मॉड्यूल फाइल लुआमध्ये लिहिता येते. विद्यार्थी 'मॉड्यूल लोड ग्रोमॅक्स/२०२४.३' म्हणतो आणि त्या टर्मिनलपुरता पाथ बदलतो. 'मॉड्यूल पर्ज' म्हटलं की सगळं पूर्ववत. पुढे हा विद्यार्थी पुण्यातल्या सीडॅकच्या किंवा बाहेरच्या कुठल्या मशीनवर गेला तरी हीच आज्ञा त्याला तिथे भेटते.

मॉड्यूल फायलीही त्याच सामायिक डिरेक्टरीत ठेवा, म्हणजे नवं मॉड्यूल एकदा लिहिलं की सगळीकडे दिसतं. एक विनंती आहे. विद्यार्थ्यांना जॉब स्क्रिप्टमध्ये व्हर्जनसकट पूर्ण नाव लिहायला शिकवा. नुसतं 'ग्रोमॅक्स' लिहिलं तर त्या दिवशी जे डिफॉल्ट असेल ते मिळतं, आणि डिफॉल्ट बदलत राहतं.

डिफॉल्टसाठी सिमलिंक (दुसऱ्या डिरेक्टरीकडे बोट दाखवणारं नाव) वापरत असाल तर चालू लिंक पुसून नवी करू नका. त्या मधल्या क्षणी कुणी प्रोग्राम सुरू केला तर त्याला काहीच सापडत नाही. नवी लिंक वेगळ्या नावाने करा आणि 'एमव्ही -टी' ने जुनीच्या जागी सरकवा, म्हणजे बदल एका झटक्यात होतो.

बिल्ड केलं त्या मशीनवर चालतं, जुन्या मशीनवर 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' येतं. का?

लॅबमधली मशीन्स एकाच वर्षी घेतलेली नसतात. एका प्रकल्पातून चार, दुसऱ्यातून सहा, अशी दहा वर्षांत जमलेली असतात. बिल्डसाठी आपण साहजिकच सगळ्यात नवं मशीन पकडतो. कंपायलरला 'मार्च-नेटिव्ह' हा पर्याय दिला, किंवा ग्रोमॅक्ससारख्या सॉफ्टवेअरने स्वतःहून सीपीयू ओळखला, की बायनरीत त्या नव्या सीपीयूचे खास आदेश जातात. एव्हीएक्स-५१२ चे आदेश एव्हीएक्स-२ पर्यंतच येणाऱ्या सीपीयूला दिले की तो प्रोग्राम तिथेच सोडतो.

प्रत्येक मशीनवर 'एलएससीपीयू' चालवून फ्लॅग्जची यादी करा आणि सगळ्यांत समान असेल तिथपर्यंतच बिल्ड करा. इंटेलमध्ये एव्हीएक्स-२ हे २०१३ च्या हॅसवेल पिढीपासून आहे, त्यामुळे आज बहुतेक लॅबमध्ये ती पातळी धरता येते. ग्रोमॅक्सला सीमेकमध्ये 'जीएमएक्स-सिम्ड' या पर्यायात ते सांगता येतं. फार वेगळी मशीन्स असतील तर दोन बिल्ड करा आणि मॉड्यूल फाइललाच सीपीयू बघून योग्य ते निवडू द्या. विद्यार्थ्याला हा फरक कळायची गरज नाही.

याच्याशी जोडलेली एक गोष्ट गाइडनाही सांगून ठेवा. ओपनब्लास किंवा एमकेएलसारख्या गणिती लायब्ररी चालताना सीपीयू बघून आतला कोड निवडतात. त्यामुळे तीच बायनरी, तेच इनपुट असूनही दोन मशीन्सवर शेवटच्या काही दशांश स्थळांत फरक पडू शकतो. बेरजेचा क्रम बदलला की फ्लोटिंग पॉइंटमध्ये शेवटचा आकडा बदलतोच. हा इन्स्टॉलेशनचा दोष नाही. तिसऱ्या-चौथ्या आकड्यात फरक दिसला तर मात्र थांबून शोधायला हवं.

'ग्लिबसी २.३४ नॉट फाउंड' असा संदेश येतो. ते इन्स्टॉल करू का?

अजिबात नको. ग्लिबसी (सी भाषेची मूळ लायब्ररी) हा सिस्टिमचा पाया आहे, तो बाहेरून आणून बदलला तर मशीन बूटही होणार नाही. नव्या उबुंटूवर कंपाइल केलेली बायनरी तुम्ही जुन्या उबुंटूवर चालवताय, एवढाच या संदेशाचा अर्थ. उबुंटू २०.०४ मध्ये ग्लिबसी २.३१ आहे, २२.०४ मध्ये २.३५. उलट दिशेने अडचण येत नाही, जुन्यावर केलेलं नव्यावर चालतं.

नेमका २.३४ हाच आकडा इतक्यांदा का दिसतो, त्यालाही कारण आहे. त्या आवृत्तीत थ्रेड्सची वेगळी लायब्ररी मुख्य लायब्ररीत मिसळली गेली आणि प्रोग्राम सुरू करणाऱ्या फंक्शनलाच नवा शिक्का मिळाला. त्यामुळे त्यानंतर कंपाइल झालेला अगदी 'हॅलो वर्ल्ड' सुद्धा २.३४ मागतो. उपाय दोनच: सगळी मशीन्स एकाच आवृत्तीवर आणा, किंवा लॅबमधल्या सर्वांत जुन्या आवृत्तीच्या मशीनवर बिल्ड करा. मी पहिला उपाय दिवाळीच्या सुट्टीत करतो, आणि वर्षभर दुसऱ्यावर भागवतो.

विद्यार्थी बॅशआरसीमध्ये एलडी-लायब्ररी-पाथ लिहितात. चालू द्यावं का?

थांबवा. लायब्ररी कुठे शोधायच्या हे सांगणारं ते चल प्रत्येक प्रोग्रामला लागू होतं, ज्याच्यासाठी लिहिलं त्यालाच नाही. एखाद्या पॅकेजसोबत आलेली जुनी सी-प्लस-प्लस लायब्ररी त्यातून पुढे आली की दुसरंच सॉफ्टवेअर पडतं, कधी कधी डेस्कटॉपवर लॉगिनच होत नाही, आणि मूळ ओळ दोन वर्षांपूर्वी कुणी तरी दिलेल्या फाइलमधून कॉपी झालेली असते. बिल्ड करतानाच आरपाथ द्या, म्हणजे बायनरीला आपल्या लायब्ररीचा पत्ता स्वतःच माहीत असतो. 'एलडीडी' चालवून प्रत्येक लायब्ररी /ऑप्ट/साय मधून किंवा सिस्टिममधूनच येते आहे ना, ते बघा. कुणाच्या होममधून येत असेल तर बिल्ड चुकलं आहे. कुणी 'माझ्याच खात्यात चालत नाही' म्हणून आलं तर मी सगळ्यात आधी नव्या कोऱ्या खात्यातून चालवून बघतो. निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

पायथनचं काय करायचं? कोंडा सामायिक जागेत ठेवलं तर फार हळू चालतं.

चालणारच. एका कोंडा एन्व्हायर्नमेंटमध्ये, म्हणजे पायथन आणि त्याच्या पॅकेजेसच्या संचात, हजारो बारक्या फायली असतात. 'इम्पोर्ट' म्हटलं की पायथन एकेक जागा उघडून बघतो की इथे आहे का, तिथे आहे का. स्थानिक डिस्कवर हे कळतही नाही, पण एनएफएसवर प्रत्येक विचारणा म्हणजे सर्व्हरला एक फेरी. सकाळी दहा वाजता प्रात्यक्षिकाच्या वीस मुलांनी एकदम नोटबुक उघडली की सर्व्हर गुदमरतो.

मला सर्वांत चांगला अनुभव ॲपटेनरचा आला आहे. बर्कलीच्या प्रयोगशाळेत सिंग्युलॅरिटी या नावाने सुरू झालेलं हे साधन २०२१ पासून ॲपटेनर म्हणून ओळखलं जातं. अख्खं एन्व्हायर्नमेंट एका मोठ्या फाइलमध्ये बांधून देता येतं. सर्व्हरच्या दृष्टीने ती एकच फाइल, त्यामुळे हजारो फेऱ्या वाचतात. आणि ती फाइल वाचण्यापुरतीच असल्यामुळे 'हात लावायचा नाही' हा नियम आपोआप पाळला जातो.

मॉड्यूलमधून पायथन देत असाल तर 'पायथन-नो-यूजर-साइट' हे चल त्यात लावून ठेवा. विद्यार्थ्याने कधी तरी 'पिप इन्स्टॉल --यूजर' केलेलं असतं, ती पॅकेजेस होममधल्या डॉट-लोकलमध्ये बसून राहतात, आणि तुमच्या नीट तपासलेल्या नमपायच्या पुढे उभी राहतात.

आमच्याकडे रेडिओ खगोलशास्त्राचे विद्यार्थी आहेत. एप्स आणि कासा असंच बसवता येतं का?

हा प्रश्न महाराष्ट्रात येणारच. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचे ४५ मीटर व्यासाचे ३० अँटेना आहेत, आणि त्यांचा डेटा घेऊन बसणारे विद्यार्थी कितीतरी कॉलेजांत-विद्यापीठांत आहेत.

एप्स आणि कासा ही दोन्ही अशा डेटावर प्रक्रिया करणारी सॉफ्टवेअर्स. त्यातलं कासा सोपं आहे. ते स्वतःचा पायथन बरोबर घेऊनच येतं, उघडायचं आणि ठेवायचं. फक्त त्याला लागणारा पृथ्वीच्या फिरण्याचा आणि लीप सेकंदांचा डेटा वेळोवेळी अद्ययावत करावा लागतो. तो प्रत्येकाच्या होममध्ये वेगळा ठेवू देऊ नका. एका सामायिक जागी ठेवा आणि बिल्डच्या खात्यातून अद्ययावत करा.

एप्सकडे जरा आदराने बघा. अमेरिकेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलशास्त्र वेधशाळेत १९७८ च्या सुमारास त्याचं काम सुरू झालं आणि ते अजून वापरात आहे. वर्कस्टेशनच्या जमान्यात ते एका सर्व्हरवरून अनेक मशीन्सना देण्यासाठीच घडवलं गेलं. '३१डेक२४' अशी डिसेंबरच्या शेवटच्या तारखेची नावं असलेली व्हर्जन्स शेजारी शेजारी राहतात, मशीन्सची नावं होस्ट्स-लिस्टमध्ये आणि डेटाच्या जागा डाडेव्ह्ज-लिस्टमध्ये लिहायच्या. आपण आज मॉड्यूलने जे करतो त्याचा मोठा भाग त्यांनी तेव्हाच सोडवला होता.

पण इथे 'फक्त वाचण्यासाठी' हा नियम थोडा मोडावा लागतो. डीए-०० या जागेत प्रत्येक मशीनची एक डिरेक्टरी असते आणि चालताना एप्स त्यात लिहितं. प्रोग्रामचा भाग वाचण्यापुरता माउंट करा, पण डीए-०० आणि डेटा लिहिता येईल अशा जागी ठेवा, आणि एप्स वापरणाऱ्यांचा एक ग्रुप करून त्यालाच ती परवानगी द्या. डेटाची जागा शक्यतो त्या मशीनच्या स्वतःच्या डिस्कवर असावी, कारण कॅलिब्रेशन करताना डिस्कला उसंत नसते. सुरू करताना एप्स प्रत्येकाला एक क्रमांक विचारतं. दोघांनी एकच क्रमांक वापरला की कॅटलॉग एकमेकांत मिसळतात. त्या क्रमांकांची यादी लॅबच्या भिंतीवर लावा. आणि चित्राची खिडकी उघडत नसेल तर 'एप्स टीव्ही=लोकल' असं सुरू करून बघा.

लायसन्सचं सॉफ्टवेअर सगळ्या मशीन्सवर दिसलं तर चालतं का?

दिसणं आणि वापरता येणं वेगळं. लायसन्स ज्या गटाचं आहे त्या नावाचा युनिक्स ग्रुप करा, डिरेक्टरी त्या ग्रुपच्या मालकीची करा आणि इतरांची परवानगी काढून टाका. गॉसियन (क्वांटम रसायनशास्त्राचं सॉफ्टवेअर) तर स्वतःच तपासतं, आणि फायली सगळ्यांना उघड्या दिसल्या की चालायला नकार देतं. त्यावर लोक उलटसुलट परवानग्या देत बसतात. ७५० (मालकाला सगळं, ग्रुपला वाचणं-चालवणं, इतरांना काही नाही) द्या आणि ग्रुप नीट लावा, एवढंच त्याला हवं असतं.

फ्लेक्स या लायसन्स तपासणाऱ्या व्यवस्थेवर चालणाऱ्या लायसन्स सर्व्हरचा मुख्य पोर्ट साधारणपणे २७००० असतो. पण त्याच्या जोडीला कंपनीचा दुसरा डेमन (मागे सतत चालणारा प्रोग्राम) असतो, तो दर वेळी वेगळा पोर्ट धरतो. लायसन्स फाइलमध्ये त्यालाही पोर्ट नेमून द्या. नाही तर फायरवॉल चालू केल्यावर सॉफ्टवेअर कधी उघडेल, कधी नाही, आणि कारण सापडणार नाही.

पावसाळ्यात लाइट जाते. परत आल्यावर निम्मी मशीन्स बूट होताना अडकतात.

लाइट आल्यावर सगळी मशीन्स एकदम उठतात, सर्व्हर मात्र डिस्क तपासत असतो आणि स्विचलाही मिनिटभर लागतं. क्लायंट माउंट करायला जातं, पलीकडे कुणी नसतं. क्लायंटच्या एफएसटॅबमध्ये (काय कुठे माउंट करायचं त्याच्या फाइलमध्ये) 'नोफेल' आणि 'एक्स-सिस्टिमडी.ऑटोमाउंट' हे दोन पर्याय लिहा. मग मशीन न थांबता उठतं, आणि कुणी /ऑप्ट/साय मध्ये पहिल्यांदा डोकावेल तेव्हाच माउंट होतं.

सर्व्हर यूपीएसवर असतोच, पण स्विच नसतो, हे मी कितीतरी ठिकाणी पाहिलंय. सर्व्हर जिवंत आणि त्याच्याकडे जाणारा रस्ता मेलेला. स्विचला फार कमी वीज लागते, तोही त्याच यूपीएसवर घ्या.

इन्स्टॉल केलं, पण शेजारच्या मशीनवर दिसत नाही.

एक मिनिट थांबा. क्लायंट डिरेक्टरीची माहिती ३० ते ६० सेकंद जवळ ठेवतो. तरीही जुनीच बायनरी चालत असेल तर शेलने तिचा पाथ लक्षात ठेवलेला असतो, 'हॅश -आर' करा किंवा नवा टर्मिनल उघडा.

एकाच मशीनवर सगळं फार हळू का उघडतं?

आधी 'ईथटूल' ने लिंकचा वेग बघा. गिगाबिटऐवजी १०० मेगाबिट दिसत असेल तर केबल बदला. चारपैकी एका जोडीची तार तुटली की लिंक गुपचूप १०० वर उतरते. सेकंदाला ११० मेगाबाइटच्या जागी ११-१२ येतात, म्हणजे पाच जीबीचं पॅकेज पाऊण मिनिटाऐवजी सात मिनिटं घेतं. टेबल सरकवताना खुर्चीखाली दबलेली केबल हे मला सापडलेलं सर्वांत नेहमीचं कारण आहे.

दुसरं कारण म्हणजे कुणी तरी तात्पुरत्या फायली सामायिक होममध्ये लिहितंय. गॉसियनची 'गॉस-एससीआरडीआयआर' सारखी चलं मॉड्यूल फाइलमध्येच स्थानिक डिस्ककडे वळवून ठेवा. हे विद्यार्थ्यावर सोडू नका.

स्पॅक किंवा ईझीबिल्ड वापरावं का?

पंधरापेक्षा जास्त पॅकेजेस असतील, किंवा एमपीआयवर (अनेक प्रोसेस मिळून एकच काम करतील अशा पद्धतीने) चालणारी बरीच असतील, तर जरूर. स्पॅक लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेतून आलं, ईझीबिल्ड बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठातून, आणि दोन्ही हेच काम स्क्रिप्टने करतात: व्हर्जनवार डिरेक्टरी, आरपाथ, मॉड्यूल फाइल. पण पहिली दोन-तीन पॅकेजेस हाताने बसवा. बिल्ड अर्ध्यात पडलं की ते नेमकं कुठे पडलं हे वाचता यायला हवं, आणि ती नजर हाताने केल्यावरच येते.

बसवलेलं बरोबर चालतंय हे कसं कळणार?

'मेक चेक' किंवा सॉफ्टवेअरसोबत आलेल्या चाचण्या चालवा. त्या बिल्डच्या मशीनवर नको, सर्वांत जुन्या क्लायंटवर, साध्या विद्यार्थ्याच्या खात्यातून. शिवाय प्रत्येक गटाकडून त्यांचं एक खरं छोटं इनपुट आणि त्याचं खात्रीचं उत्तर मागून ठेवा. नवं व्हर्जन बसवलं की आधी ते चालवायचं आणि मगच मॉड्यूल उघडं करायचं.

माझी इथली मुदत संपतेय. पुढच्याला काय देऊन जाऊ?

प्रत्येक डिरेक्टरीत, व्हर्जनच्या आत, एक साधी टेक्स्ट फाइल. माझ्याकडच्या अशा एका फाइलमध्ये लिहिलंय: सोर्स कुठून घेतला आणि त्याचा चेकसम, कोणत्या मशीनवर बिल्ड केलं, जीसीसी ११.४, कॉन्फिगरची पूर्ण ओळ जशीच्या तशी, दोन चाचण्या पडल्या, त्या कोणत्या आणि त्यांच्याकडे का दुर्लक्ष केलं, कुणाच्या सांगण्यावरून बसवलं. ही शेवटची ओळ बिनमहत्त्वाची वाटते, पण पाच वर्षांनी 'हे अजून कुणाला लागतं का?' हे तिच्यामुळेच विचारता येतं. सोर्सचा मूळ टारबॉलही जपून ठेवा, वेबसाइट्स बंद पडतात. /ऑप्ट/साय ची रोज रात्री दुसऱ्या मशीनवर आरसिंकने एक प्रत जाऊ द्या, सर्व्हर गेला तर तेच मशीन त्या पत्त्यावर उभं करता येतं.

जायच्या आधी पंधरा दिवस एक करा. पुढे जो बघणार आहे त्याला एखादं पॅकेज निवडू द्या आणि फक्त त्या फाइलवरून नव्या डिरेक्टरीत बसवायला सांगा. तुम्ही शेजारी बसा, कीबोर्डला हात लावू नका. तो जे जे तुम्हाला विचारेल, ते ते त्या फाइलमध्ये लिहायचं राहिलं होतं. त्याच संध्याकाळी लिहून टाका.